तांबड्या मुलखाची कप्तान

दौंड, २४ नोव्हेंबर १९६३

ज्योतिबा मास्तरांनी ही वही दिली. म्हणाले, "रोज लिहीत जा, बाई. जहाजाचा कप्तान रोज लिहितो. कुठं पोचलो, कोण आजारी, पाणी किती उरलं. तुम्हाला कप्तान व्हायचंय, तर हाताला सवय पाहिजे." मला हसू आलं. मला कुठं पोचायचंय? दौंडहून घोडनदी आणि घोडनदीहून दौंड. शिरूर हे नाव एस.टी.च्या पाटीवर, आमच्या तोंडी घोडनदीच.

सातवी पास झाले त्यानंतर पत्राशिवाय काही लिहिलेलं नाही. घरात आम्ही आपली बोली बोलतो, पण लिहायला मला मराठीच येतं. घरी मी हसीना, आण्णांच्या नाटकाच्या कनातीत हंसाबाई. आधी राजकन्या झाले, मग राणी, आणि गेले दोन हंगाम राणीची सासू. तोंडाला रंग लावला की पूर्वी अंगात काहीतरी जागं व्हायचं. आता रंग लावताना जांभया येतात.

मास्तर घोडनदीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. जूनमध्ये रशियाची बाई आकाशात फिरून आली, तेव्हापासून त्यांना चैन नाही. त्यांनी नाटक लिहिलंय, 'तांबडा मुलूख'. एकच गोष्ट, सात भागांत. दर खेपेला एक भाग, आधी घोडनदीच्या बाजारच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी दौंडच्या. पुढं काय झालं ते बघायला माणसं परत येतील, असा हिशेब. आण्णा कंपनीचे मालक. टुरिंग टॉकीज आल्यापासून त्यांची कनात निम्मी रिकामी असते. म्हणाले, "राजाराणीला आता कुत्रं फिरकत न्हाई. चला, आभाळात जाऊ."

पृथ्वीवरचं पाणी संपलंय आणि कप्तान वसुंधरा जहाजात माणसं भरून मंगळावर निघते, अशी गोष्ट. ही बाई हुकूम सोडते. चुकते आणि चूक लपवते. माणसं घाबरू नयेत म्हणून धडधडीत खोटं बोलते. सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, "मास्तर, मी रडायचं कुठं?"

"कुठंच न्हाई."

पंधरा वर्षं मी रडण्यावर जेवलेय. हे मला झेपणार नाही असं वाटतं. पण सासू होण्यापेक्षा बरं.


दौंड, २ डिसेंबर

नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नसावी. अकबर. सहा वर्षांपूर्वी राहूला, त्यांच्याच गावात, एका विहिरीत डिझेल इंजिन उतरवताना साखळी तुटली आणि ते इंजिनाबरोबर खाली गेले. कंबरेखाली पाय आहेत, पण त्या पायांना काही कळत नाही. त्यांना इथं माझ्या माहेरी आणलं, डॉक्टर जवळ म्हणून. त्यांचा धाकटा भाऊ पाशा तिकडेच असतो, इंजिनं दुरुस्त करतो. राहूचं नाव आमच्या घरात निघत नाही. निघालं तर मी निघू देत नाही.

सकाळी पाणी तापवायचं, त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलून द्यायची, पाठीला तेल लावायचं. मग एस.टी. मग तालीम. दिवसभर अम्मा बघते, पण अम्माच्या हातात आता जोर नाही. आज परत आले तेव्हा चपला काढायचंसुद्धा सुधरेना.

पहिल्या भागाची गोष्ट त्यांना सांगितली. त्यांनी विचारलं, "आभाळात वर हवा न्हाई म्हनतीस. मग इंजिन पेटतं कसं? हवेबिगर डिझेल जळत न्हाई."

मला झोप आवरत नव्हती. "मास्तरांना विचारीन," म्हटलं आणि आडवी झाले. ते बराच वेळ एकटेच काहीतरी पुटपुटत होते.


घोडनदी, १५ डिसेंबर

काल पहिला भाग झाला. कपडे चहाच्या खोक्यातल्या चंदेरी कागदाचे, खाली मांजरपाटाचं अस्तर. बसलं की करकर वाजतं. खाली विजार. साळूबाई आमच्या कंपनीचे कपडे शिवते. ती लाजून म्हणाली, "बाई, तुमाला विजार घालायची म्हंजी..." मी म्हटलं, "साळूबाई, आमच्यात आज्या घालायच्या." ती इतकी हसली की सुई हरवली.

जहाजाच्या खिडकीत सायकलच्या डायनामोवर दिवा लागतो, मागे बसून कुणीतरी पायडल मारत राहतं. उड्डाणाला पत्रे बडवतात. माणसं थक्क झाली. बायकांच्या बाजूला एक पोर रडायला लागलं ते थांबेचना.

नाटकात हौशीराम माझा नवरा झालाय, दिवाकर नावाचा इंजिनेर. प्रत्येक वाक्य झालं की प्रेक्षकांकडे तोंड करून टाळीची वाट बघत उभा राहतो. चौथ्या भागात आपण मरणार हे कळल्यापासून त्याचं तोंड उतरलंय. मास्तरांना रोज म्हणतो, "जरा जिवंत ठिवा की राव."


दौंड, ६ जानेवारी १९६४

तिसरा भाग दोन्हीकडे झाला. कनात भरते. बाजारात लोक 'कप्तान' म्हणून हाक मारतात. मेथीची जुडी घेताना सिंधूबाई माळीण म्हणाली, "मंगळावर भाजी न्हेणार का न्हाई? माझी घ्या." बरं वाटलं. पण बरं वाटायलाही अंगात त्राण लागतं.

अकबरना भागाची गोष्ट सांगणं हे एक कामच झालंय. मी दारात आले की त्यांची मान वळलेलीच असते. काल सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "तिचा नवरा जहाजात काय करतो?"

"इंजिन बघतो."

"चांगलं हाय," म्हणाले. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यांचं काय बिनसलं कळलं नाही.


दौंड, १९ जानेवारी

रोजे सुरू झालेत. दिवसभर घशात पाणी नाही आणि वर हुकूम सोडायचे. काल घोडनदीला चौथा भाग झाला.

जहाजाला धोंडा लागतो. इंजिनघरात आग. दिवाकर आत विझवतोय. दार उघडं राहिलं तर जहाजातली सगळी हवा जाणार आणि सगळे मरणार. वसुंधरा दार लावून घेते. तो आतून दार बडवतो. ती दाराला पाठ लावून उभी राहते, बडवणं थांबेपर्यंत. पडदा.

मी पाठ लावून उभी राहिले. आधी सगळं गप्प होतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "उघड की!" मग दुसरं. मग सगळी कनात. "दार उघड! उघड दार!" एक चप्पल माझ्या खांद्याला लागली. मी हलले नाही. मास्तरांनी लिहिलं होतं, हलायचं नाही.

रंगपटात आले तेव्हा हौशीराम खजूर घेऊन उभा होता. "बाई, कवाचा दिवस बुडालाय. सोडा की रोजा." नाटकाच्या नादात मी विसरलेच होते. याला काय सुचलं कोण जाणे, बहुतेक मेल्याच्या आनंदात होता. टाळ्या नाही तर नाही, आरडाओरडा त्याच्यासाठी झाला ना.

आज सकाळी घरी येऊन अकबरना सांगितलं. चपलेचं नाही सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो आतनं काय म्हनत हुता?"

"काही नाही. बडवत होता."

"बडवत हुता म्हंजी काय म्हनत हुता?"

"दार उघड, असंच ना."

ते छपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी खाली हिरीत हुतो तवा वरनं पाशा हाका मारत हुता. उतरतो, उतरतो, म्हनत हुता. मी खालनं वरडत हुतो, उतरू नगंस, दुसरी साखळी बी तुटंल. त्याला वाटलं मी बोलावतोय. निम्म्यात आला हुता. लोकांनी धरला म्हनून वाचला."

सहा वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. मी त्यांची कूस बदलून दिली. 


दौंड, २० जानेवारी

काल इथल्या प्रयोगाआधी हौशीरामला सांगितलं की दार बडवताना 'उघडू नको' म्हणून बडव. तो चिडला. "बडवन्यात ते कसं दिसायचं वो? लोकांना थोडंच कळणार हाय?" पण दाराला पाठ लावली तेव्हा आतून घाई नव्हती. एक ठोका, मग थांबून दुसरा. जसं कुणी लहान मुलाला थोपटतं. माझ्या पाठीच्या मणक्यांना तो प्रत्येक ठोका कळत होता. मास्तरांनी रडायचं नाही म्हटलं होतं. नाही रडले. पण पडदा पडल्यावर मला दारापासून हलता येईना.

दौंडकरांनी चपला नाही टाकल्या, बाकी आरडाओरडा तोच.


दौंड, २३ जानेवारी

बाजारात कुणी कप्तान म्हणत नाही आता. सिंधूबाईने भाजी दिली, पण हातात नाही, खाली ठेवली. "नवऱ्याला आत कोंडून मारलास गं," म्हणाली. मी म्हटलं, नाटक आहे. "व्हय, नाटकच. पण तुला आलं कसं करायला?"

पाठमोरी झाले तेव्हा दुसरी कुणीतरी म्हणाली, "घरात तसाच पडलाय न्हवं, म्हनून आलं."

पिशवी घेऊन सरळ घरी आले. ज्वारी घ्यायची विसरले. अम्माने विचारलं तर म्हटलं, दुकान बंद होतं.


घोडनदी, २८ जानेवारी

आण्णांनी मास्तरांना बसवून सांगितलं: शेवटच्या भागात दिवाकर जिवंत पाहिजे. आणि वसुंधरेने सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडून माफी मागायची. "लोकं चिडल्यात, मास्तर. चिडलेली मान्सं एकदा येत्यात, दोनदा येत्यात, मग न्हाई येत. त्यांचं मन शांत करून घरी धाडायचं, हा आपला धंदा."

मास्तर म्हणाले, "मग त्या बाईचं काय?"

"कुठली बाई?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून मोजे काढत होते. मी काय बोलणार? मी नोकर माणूस. आणि खरं सांगायचं तर भांडायची ताकद नव्हती. संध्याकाळी त्यांनी नवा शेवट लिहून दिला. अक्षर नेहमीसारखं सरळ नव्हतं.

आणखी एक. पाचव्या भागाला पुण्याच्या एका नाटक मंडळीचे गृहस्थ आले होते. प्रयोगानंतर आण्णांच्या समोरच म्हणाले, "बाई, दाराची गोष्ट ऐकून आलो होतो. पुण्याला चला. एक वर्ष आमच्याकडे राहा. असली कामं तिकडे बसवतोय आम्ही." मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरचं आहे. ते पत्ता ठेवून गेले. हौशीराम मिशी काढता काढता सगळं ऐकत होता.

अकबरना सांगितलं नाही. सांगून काय? उगाच त्यांच्या जिवाला लागायचं.


दौंड, ५ फेब्रुवारी

घरातलं काही समजेनासं झालंय. मी तालमीला गेले असताना हौशीराम घरी येऊन गेला, अम्मा म्हणाली. "इकडून चाललो हुतो, बसलो जरा." तो आणि घरी? अकबरना डॉक्टरांनी रोजे नको म्हटलेत, म्हणून दोघांनी चहा घेतला म्हणे. अकबरना विचारलं तर म्हणाले, "चांगला माणूस हाय." एवढंच.

पाशा आठवड्यात दुसऱ्यांदा आला. पोत्यात गुंडाळून काहीतरी आणलं होतं. घरभर डिझेलचा वास. चादरीला काळे डाग पडले, मी बोलले त्याला. रोज मी चादरी धुवायच्या आणि यांनी डाग पाडायचे. पाशा मान खाली घालून उभा राहिला. अकबर म्हणाले, "त्याला नगं बोलूस. मी मागवलं हुतं."

आता अंग पुसून घ्यायलाही नको म्हणतात. "पानी ठिव हितं. मी पुसतो." पाठीपर्यंत हात पोचत नाही, तरी हट्ट. मी केलेलं काही त्यांना पसंत नाही. लोक बाजारात जे बोलतात ते त्यांच्याही कानावर आलं असणार.


दौंड, १६ फेब्रुवारी

ईद झाली. शिरखुर्मा केला. बाळासो सुताराने अकबरसाठी एक बुटकी फळी करून दिली आहे, खाली बेअरिंगची चाकं. हाताने ढकलत ते ओट्यापर्यंत गेले. सहा वर्षांनी उन्हात बसले. गल्लीतली माणसं ईदला भेटायला आली ती तिथेच त्यांच्याजवळ बसली. ते मोठ्याने बोलत होते.

मी आत होते. चुलीपाशी बसल्या बसल्या डोळा लागला आणि दूध उतू गेलं.

अम्माला म्हटलं, बाळासोला फळी करायला कुणी सांगितलं? अम्मा म्हणाली, मला काय ठाऊक. अम्माला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं. पण काय लपवतेय?


दौंड, २३ फेब्रुवारी

काल घोडनदीला सातवा भाग. इतकी माणसं की कनातीच्या बाजू वर बांधाव्या लागल्या.

दिवाकर परत येतो. मी हौशीरामच्या पाया पडले. म्हटलं, "मी चुकले. मला क्षमा करा." त्याने मला उठवलं. टाळ्या पडल्या त्या थांबेनात. माणसं उभी राहिली. बायका डोळे पुसत होत्या. पंधरा वर्षांत मला इतक्या टाळ्या पडलेल्या नाहीत.

आण्णांनी पेढे वाटले, मी माझा तसाच कागदात बांधून ठेवला. मास्तर शेवटपर्यंत थांबले नाहीत.

आज इथं शेवटचा प्रयोग. सकाळी घरी जाऊन आले. अकबर म्हणाले, "आज मी येनार हाय बघायला. पाशा न्हेणार हाय." मी म्हटलं, गर्दी फार असते, कुणाचा पाय लागला तर? "लागंना. मला थोडंच कळणार हाय," म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.


दौंड, २४ फेब्रुवारी

नीट लिहायला हवं. हात थकलाय, तरी.

ते आले. पाशाने उचलून आणलं आणि अगदी पुढे, कडेला, फळीवर बसवलं. पांढरा सदरा, ईदचा. गॅसबत्तीत मला त्यांचं तोंड पूर्ण दिसत होतं. मी काम करत होते आणि ते बघत होते. सगळे भाग त्यांनी माझ्या तोंडून, अर्ध्या झोपेत सांगितलेले, ऐकले होते. आणि तरी पुढचं सगळं ठाऊक असल्यासारखे बघत होते.

दिवाकर आला. माझी पाळी आली. मी वाकायला गेले आणि वाकता येईना. म्हणजे कंबर धरली वगैरे काही नाही. 'मी चुकले' हे तोंडातून निघेना. आतून मास्तर वाक्य सांगत होते, एकदा, दोनदा. मग त्यांनीही सांगायचं थांबवलं.

मी म्हटलं, "दार मी लावलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन."

कुठून आलं ठाऊक नाही. कनातीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता हौशीराम गडबडणार. त्याचं मोठं वाक्य माझ्या माफीवर अवलंबून होतं, टाळीचं वाक्य. तो उभा राहिला. मग प्रेक्षकांकडे न बघता, माझ्याकडे बघून, हळू म्हणाला, "ठाऊक हाय मला. मी पण आतनं कडी घातली हुती." शुद्ध बोलायचं विसरला. त्याच्या गावच्या बोलीत बोलला.

पडदा पडला. टाळी एकही नाही. माणसं उठून गेली, बोलत नव्हती. बायकांच्या बाजूने सिंधूबाई आत आली. माझ्यासमोर उभी राहिली, काहीतरी म्हणायचं होतं तिला. माझ्या खांद्यावरचा फाटलेला चंदेरी कागद नीट बसवला आणि गेली.

आण्णा फार बोलले. मी ऐकून घेतलं.

अकबरना पाशा घरी घेऊन गेला होता. मी पोचले तेव्हा जागे होते. मी वाट बघितली, काही म्हणतील. "पानी दे," एवढंच म्हणाले. आणि आज सकाळी: "पाशाबरोबर राहूला जातो मी."

"किती दिवस?"

"बगू."

समोर बसून त्यांनी ऐकलं, पुन्हा लावीन म्हणून. दुसरं काय वाटणार माणसाला?


दौंड, २६ फेब्रुवारी

बैलगाडी आली. खाली कडबा, वर गोधडी. फळी आणि ती पोत्यातली वस्तू घेतली. मी म्हटलं, "मी नाटकातलं बोलले. तुम्हाला नाही बोलले."

"मला ठाऊक हाय."

"मग का जाता?"

त्यांनी माझा हात धरला. चारचौघांत कधी धरत नाहीत. "झोप काढ तू," म्हणाले. गाडी निघाली. अम्मा रडत होती, पण मला वाटलं तितकी नाही.

घरात आता पाणी तापवायचं नाही, कूस बदलायची नाही. पहाटे नेहमीच्या वेळी जाग येते आणि मी उठून रिकाम्या खाटेशी उभी राहते.


घोडनदी, ८ मार्च

आण्णांनी पुन्हा राजाराणी लावलंय. मी सासू. कप्तानाचा पोशाख साळूबाईने उसवला, अस्तर कामी येईल म्हणून. मास्तर भेटले. दुसरं काहीतरी लिहिताहेत, समुद्राच्या तळाचं. कोण लावणार, म्हटलं. "कुणी न्हाई. पण बाई आहे त्यात," म्हणाले.

पुण्याला पत्र टाकलं होतं. उत्तर आलं, त्यांनी दुसऱ्या बाईंना घेतलं. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा बघू म्हणतात. वाईट वाटायला हवं होतं. नुसती पाठ दुखली.

हौशीराम बाकावर येऊन बसला. म्हणाला, "बाई, पुण्याचं अकबरभाईंना मी सांगितलं. तुम्ही सांगनार न्हाई हे दिसत हुतं. मारा मला."

म्हणजे त्या दिवशी घरी आला तो यासाठी. म्हणजे फळी, पाशा, डिझेलचा वास, हे सगळं त्या शेवटच्या प्रयोगाच्या आधीचं, मला पुण्याला जाता यावं म्हणून. मी काय काय लिहून ठेवलंय या वहीत! मागची पानं वाचवत नाहीत.


राहू, १५ मार्च

काल एस.टी.ने इथे आले. त्यांना परत न्यायला, असं अम्माला सांगून.

पाशा मला मळ्यात घेऊन गेला. उसाच्या कडेला विहीर, तिचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी इंजिन, आणि इंजिनाशी फळीवर बसलेले अकबर. कोपरापर्यंत काळे. मला बघून म्हणाले, "आलीस? तो पाना दे. तो न्हाई, बारका. आगं तो न्हाई!" लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी असेच खेकसायचे.

काम संपेपर्यंत मी थांबले. मग म्हटलं, "हौशीरामने सांगितलं मला. माझ्यासाठी आलात इथं."

"तुझ्यासाठी बी," म्हणाले. हात पुसत होते, पण डाग जात नव्हते. "पर समदं तुझ्यासाठी न्हाई. ती पोत्यातली वस्तू काय हुती ठाऊक हाय? इंजिनात डिझेल फवारनारं नॉझल. दोन मेस्त्र्यांनी हात टेकलं हुतं. पडल्या पडल्या खोललं, साफ केलं, बसवलं. ते चाललं त्या दिशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तुला सांगनार हुतो, तर तू चादर बघून वरडलीस."

"मला सांगितलं असतं तर..."

"तर तू पाठवलं असतंस? हितं? ह्या हिरीवर?"

मी त्या विहिरीकडे बघितलं. तीच विहीर. मला ठाऊक नव्हतं तीच आहे. नसतंच पाठवलं, हे खरं. म्हटलं, "नाही."

"मग."

पुण्याची जागा गेली हे सांगितलं. त्यांनी विचार केला. "येईल दुसरी. न्हाई आली तर राणीची सासू हो. पर घरी कूस बदलायला कुणी हाय म्हनून नगं होऊस." मग विचारलं, "परत न्ह्यायला आलीस?"

"हो."

"मी येत न्हाई. तू येत जा."

भांडण सुचत होतं, पण करायला अंगात काही नव्हतं. सावळाराम नावाचा शेतकरी, ज्याचा मळा, तो खोरं घेऊन उसाला पाणी द्यायला, दारं धरायला आला आणि पाशाने इंजिन सुरू केलं. मी सावलीत पोत्यावर बसले. पाणी पाटातून जाताना बघत होते. डोक्यात ते इंजिनाचं धाडधाड चालू होतं. म्हटलं, पाच मिनिटं टेकावं, मग बोलू.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. अंगावर पाशाचा फेटा पांघरलेला. शेवटची एस.टी. गेली होती. अशी झोपलेली मी शेवटची कधी होते, आठवत नाही. इंजिन बंद होतं. सावळाराम खोरं आडवं ठेवून बांधावर बसला होता, कंटाळलेला, आणि उसाची एक बाजू अजून कोरडीच होती.

मी अकबरना विचारलं, "काय बिघडलं?"

"हाय काहीतरी," म्हणाले. पाशाला हात केला. त्याने हँडल मारलं आणि पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं. दुपारभर बंद पडलेलं इंजिन असं लगेच कसं सुरू झालं, ते मी पाशाला दोनदा विचारलं. तो नुसता हसतो.